पहिला टोमॅटो तुमचाच

"डॉक्टरसाहेब, तुमचाच कोट हातात घेतलाय," असं टेलरमास्तर म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात टोमॅटोला पाणी घालायची झारी होती.

डॉक्टरांनी झारीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, शुक्रवारी मी परगावी निघालोय. तिकडे इथल्या दुप्पट थंडी आहे. कोट मिळाला नाही तर मी आजारी पडेन."

"तुम्ही कसले आजारी पडताय? तुम्ही तर डॉक्टर."

"कोट, मास्तर!"

"झालाच म्हणून समजा. नुसती काजं-बटणं राहिलीत."

कोटाला अजून बाह्या लागायच्या होत्या. पण मास्तर खोटारडे होते असं कुणी म्हणेल तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची अडचण एवढीच होती, की त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. माणूस आशेनं दारात उभा असला, की त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं त्यांच्या जिवावर यायचं. मग निदान शब्द तरी देऊन पाठवायचे. तो शब्द पुढे पाळायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण ते नंतर, माणूस निघून गेल्यावर आठवायचं. गल्लीत त्यांचे शब्द घेऊन गेलेली माणसं पुष्कळ होती, कपडे घेऊन गेलेली त्या मानानं कमी.

त्यांची बायको दुकानात मागच्या बाजूला बसून काजं-बटणं करायची. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि हिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यापैकी. गेल्या वर्षी तिची आई गेली. भावंडांनी आईची भांडी वाटून घेतली, कपाट वाटून घेतलं. हिनं डब्याच्या झाकणात ठेवलेली कागदाची एक पुडी तेवढी उचलली. तिच्यात टोमॅटोचं बी होतं. आईच्या परसात वर्षानुवर्षं तोच टोमॅटो व्हायचा, मोठा, जाड गराचा, आणि दर वर्षी आई त्याचं बी धरून ठेवायची. यंदा ते धरायला आई नव्हती. हिनं सगळी पुडी गच्चीवरच्या कुंड्यांत पेरली आणि त्यातून कशीबशी चार रोपं तगली.

"मला एक पिकलेला टोमॅटो बी धरायला हवाय," ती नवऱ्याला म्हणाली होती. "एकच. बाकीचे कुणालाही द्या."

"अगं, एक काय घेऊन बसलीस? पहिलाच तुझा!"

तिनं दातानं दोरा तोडला आणि पुढचं बटण हातात घेतलं.

रोपं वाढली, फुलली, फळंही धरली. आणि नेमकं तेव्हाच ऊन बेपत्ता झालं. रोज सकाळी आभाळ भरलेलं, रोज संध्याकाळी बोचरा वारा. टोमॅटो मुठीएवढे झाले आणि हिरवेगार राहून तिथंच थांबले. मास्तर सकाळी टेप घेऊन वर जात, एकेकाचा घेर मोजत आणि निराश होऊन खाली येत. "मापात बसलाय गं," ते सांगत, "पण रंग धरत नाही." थंडी अशीच वाढत गेली असती तर रोपं जळून जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर सासूबाईंचं बीही. पुडीत एक दाणाही उरला नव्हता.

आता मास्तरांनी एवढी एक गोष्ट मनात ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण गाणं शिकवणाऱ्या बाई त्यांचा कार्यक्रमाचा ड्रेस न्यायला आल्या. ड्रेस कापलासुद्धा नव्हता. बाईंचे डोळे पाण्यानं भरले. मास्तर घाबरले आणि घाईघाईनं त्यांना गच्चीवर घेऊन गेले. "हे बघा, बाई. काय सुंदर धरलेत! एवढे पिकू द्या, पहिला टोमॅटो तुमचाच." बाईंनी पान चुरगळून वास घेतला, डोळे पुसले आणि ड्रेसचं नावही न काढता हसतमुखानं जिना उतरल्या.

मास्तर जागच्या जागी थक्क झाले. 'उद्या संध्याकाळी नक्की' म्हटलं तर माणूस उद्या संध्याकाळी येतो. टोमॅटो मात्र आभाळाच्या मर्जीवर पिकणार, त्याला कोण काय विचारणार? अशी सोय आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हाती लागली होती. मग घरमालकांची विजार राहिली तेव्हा पहिला टोमॅटो घरमालकांना गेला. डॉक्टर तिसऱ्यांदा चिडून आले तेव्हा त्यांनाही गेला. दर वेळी मास्तर मनातल्या मनात हिशेब जुळवायचे. 'हिचा तर पहिलाच आहे,' ते स्वतःला समजावायचे, 'यांचा त्यानंतरचा पहिला.'

झालं असं, की गिऱ्हाइकं कपडे विसरली आणि टोमॅटोच्या मागे लागली. "मास्तर, रंग आला का?" घरमालक जिन्यातून विचारत. बाई शिकवणीला जाता-येता दुकानात डोकावत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. मास्तरांचं शिवणावरचं लक्ष उडालं. त्यांनी ट्रायलच्या खोलीतला उभा आरसा काढून गच्चीवर नेला आणि कठड्याला टेकवून ठेवला.

"हे कशाला?" बायकोनं विचारलं.

"ऊन आलंच तर आरशामुळं दुप्पट पडेल."

"आणि गिऱ्हाइकांनी कशात बघायचं?"

"त्यांना मी सांगतो ना, छान बसलंय म्हणून!"

वारा वाढला तसं त्यांनी रोपांवर पांघरूण घालायचं ठरवलं. घरातल्या चादरी घातल्या तर बायको विचारणार. दुकानात पाहिलं तर सगळ्यात जाड, उबदार आणि ऐसपैस असं एकच कापड होतं. डॉक्टरांच्या कोटाला तोवर बाह्याही लागल्या होत्या, अर्थात कच्च्या टाक्यांनी. मास्तरांनी संध्याकाळी तो मोठ्या रोपावर चढवला, पुढून दोन टाचण्या लावल्या आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. खांद्यात छान बसला होता. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते तो काढून आणत. कच्चे टोमॅटो, कच्चे टाके, दोघांची पक्की दोस्ती जमली.

गुरुवारी सकाळी मात्र कोट काढायचा राहिला. आणि त्याच गुरुवारी, इतक्या दिवसांनी, ऊन पडलं.

ते आरशावर पडलं. आरशानं ते रोपांवर टाकायचं सोडून रस्ता ओलांडून थेट समोरच्या इमारतीत डॉक्टरांच्या दवाखान्यात टाकलं. आत डॉक्टर एका पेशंटला "आ करा" म्हणत होते. पेशंटनं आ केला आणि डोळे गच्च मिटले. डॉक्टरांना वाटलं याला फिट आली. मग त्यांच्याही डोळ्यांवर तिरीप आली, आणि ते तणतणत खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर त्यांचा कोट उभा होता. त्याच्या कॉलरमधून पानं बाहेर आली होती.

डॉक्टर पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून रस्ता ओलांडून आले. दुकानात न थांबता जिना चढले. मास्तर मागून धावले. "साहेब, ऐका तरी! कोटाची ट्रायल चाललीय!"

"कुणाची? टोमॅटोची?"

हा आवाज ऐकून मधल्या मजल्यावरचे घरमालक वर आले. टोमॅटोची चौकशी करायला निघालेल्या बाई दुकान रिकामं बघून आवाजाच्या मागे आल्या. मास्तरांची बायको हातातली सुई ब्लाउजच्या कडेला टोचून सगळ्यांच्या शेवटी आली. डॉक्टरांनी टाचण्या उपसल्या, कोट ओढून काढला, अस्तरावर पाल्याचे हिरवे-पिवळे डाग पाहिले आणि बोलायला तोंड उघडलं. पण नजर रोपावर गेली.

कोटाखाली एक टोमॅटो पिकला होता.

सगळे कुंडीभोवती वाकले. देठाशी थोडा हिरवा होता, पण खाली चांगला लाल. "आला वाटतं रंग," घरमालक हळूच म्हणाले. "पहिला माझा आहे. मास्तरांनी शब्द दिलाय."

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "मला तर या कुंडीशेजारी उभं राहून दिलाय!"

"गच्ची कुणाची आहे?"

"आणि कोट कुणाचा आहे?" डॉक्टर गरजले. "माझ्या कोटाच्या उबेत पिकलाय तो! मलाही पहिलाच सांगितलाय!"

तिघं वळले आणि त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती शांत चेहऱ्यानं रोपाकडे बघत उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक शब्द मनापासून पाळावासा वाटला.

"हा... हा हिचा आहे," ते म्हणाले. "पहिला हिलाच कबूल केलाय मी. देवाशपथ."

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "आता चौथं नाव घेऊ नका."

"अहो, खरंच! हिच्या आईचं बी आहे ते..."

"मला तुम्ही म्हणालात विजारीचं कापड आटलं म्हणून. तेही खरंच होतं का?" घरमालकांनी विचारलं. खोटं बोलताना ज्या माणसावर सगळ्या गल्लीनं विश्वास ठेवला, त्याचं एकुलतं एक खरं वाक्य कुणी ऐकूनही घेतलं नाही.

तेवढ्यात बायको पुढे झाली. तिनं टोमॅटो तोडला, पदराला पुसला, खाली जाऊन सुरी आणि बशी आणली आणि त्याच्या तीन फोडी केल्या. मास्तर "अगं, अगं" करत राहिले. बशीत बियांचा रस सांडला तसा त्यांनी चेहरा फिरवून घेतला.

"घ्या," ती म्हणाली.

तिघांनी फोडी तोंडात टाकल्या. बाईंनी एक डोळा मिटला. घरमालकांचा जबडा मध्येच थांबला. डॉक्टरांनी अख्खी फोड औषधासारखी गिळली.

"वा," शेवटी बाई म्हणाल्या. "वेगळाच आहे."

"प्रकृतीला चांगला," डॉक्टर म्हणाले आणि पाणी मागितलं. मग कोटाची आठवण झाली तसे पुन्हा लाल झाले. "संध्याकाळपर्यंत कोट हवा मला. डाग काढून."

"मिळेल," बायको म्हणाली. ती म्हणाली म्हणून डॉक्टर गेले. मागोमाग दोघंही गेले.

गच्चीवर मास्तर आणि रिकामी बशी राहिली. मास्तर कुंडीच्या काठावर बसले. "मी मूर्ख आहे," ते म्हणाले. "एकच गोष्ट मागितलीस तू. आईचं बी माझ्या जिभेपायी गेलं. काय म्हणायचंय ते म्हण मला."

"पहिल्याचं बी कुणी धरतं का?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिला नेहमी आंबट निघतो. आई तो शेजारीपाजारी वाटून टाकायची. दाराशी येऊन आशाळभूतपणे बघतात ना, त्यांना. बी धरायचं ते दुसऱ्याचं. मी तुम्हाला पिकलेला एक म्हटलं होतं. पहिला तुम्हीच घुसडलात मध्ये."

तिनं त्यांना हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथं वारा लागत नसे. चौथी कुंडी तिनं कधी सरकवली ते आरशाच्या आणि कोटाच्या नादात मास्तरांना कळलंही नव्हतं. पानांच्या आड कोटाच्या उरलेल्या अस्तराची एक छोटीशी पिशवी लटकत होती, बारीक टाक्यांनी शिवलेली, वर नाडी ओढलेली. तिनं नाडी सैल केली. आत टोमॅटो लालबुंद होता, देठापर्यंत.

"मला सांगितलं नाहीस?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं तर तोही कुणाचातरी पहिला झाला असता."

मास्तरांनी टोमॅटोकडे हात पुढे केला.

"आधी कोट," ती म्हणाली.

मास्तर खाली गेले आणि मशीनवर बसले. दोनदा कुणी दारात आलं, त्यांनी मान वर केली नाही. बायकोनं कच्च्या टोमॅटोची आंबट फोड घासून अस्तरावरचे डाग काढले, धुऊन इस्त्री केली, काजं-बटणं केली. ऊन कलायच्या आत डॉक्टर पुन्हा तणतणत आले, तर कोट हँगरला टांगलेला. त्यांनी तो घातला, बाह्या पाहिल्या, खिशात हात घातले, सगळी बटणं लावून पाहिली.

"मास्तर," ते संशयानं म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा तर नाही ना देताय मला?"

डॉक्टर गेल्यावर मास्तर एका दमात गच्चीवर पोचले. बायको वाट बघत बसली होती. तिनं तिथल्या तिथं टोमॅटो चिरला, बिया आधी बोटानं काढून कागदावर पसरल्या, आणि अर्धा नवऱ्याला दिला. मास्तरांनी घास घेतला. असा टोमॅटो त्यांनी एकदाच खाल्ला होता, लग्न ठरायच्या आधी तिच्या घरी, सासूबाईंच्या हातून. त्यांना ते सांगायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. बायकोनं पाहिलं आणि ओळखलं असावं. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात टाकीचा नळ बंद करायला घरमालक वर आले. त्यांनी बशी पाहिली, लाल फोड पाहिली. "अरे वा! हा तर चांगला दिसतोय," ते म्हणाले. "मग मास्तर, यातला मला?"

मास्तरांनी घास गिळला. घरमालक आशेनं उभे होते. मास्तरांचे ओठ सवयीनं हलले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, कागदावरच्या बियांकडे पाहिलं आणि सगळं बळ एकवटून म्हणाले, "नाही."

"नाही?"

"नाही."

घरमालकांनी जरा विचार केला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मग त्यांना उलगडा झाला.

"बरं बरं," समजूतदारपणे मान हलवत ते जिन्याकडे वळले, "म्हणजे उद्या नाही, परवा."

बायको इतकी हसायला लागली, की बी उडून जाऊ नये म्हणून मास्तरांना कागद दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला.