भरलं आभाळ, रिकामं आभाळ

व्यंकटअण्णा मावळतीचे रोज दोन फोटो काढतात. एक सूर्य असताना, दुसरा तो बुडाल्यावर. ढोकीजवळच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात वजनकाट्यावर काढली. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा केली की ऊस कळतो. मग भरल्या आभाळातून रिकामं वजा केलं की सूर्य का कळू नये, असा त्यांचा सवाल आहे.

माझा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोंवर आणि बारशांवर पोट चालतं, पण अण्णांच्या लेखी मी सूर्याचा डॉक्टर. पुतण्यानं दिलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून ते रोज सकाळी हजर. "संजू, काट्यात खोट हाय." बघावं तर फोटोत सूर्याच्या जागी पांढराफटक डाग, उकडलेल्या अंड्यासारखा.

सल्ला देण्यात आमच्या गावानं कधी कुणाला निराश केलेलं नाही. न्हावी म्हणाला, काच पुसा. पुसली. सोसायटीच्या चेअरमननी जन्मात कॅमेरा धरला नव्हता, त्यामुळे ते अधिकारानं म्हणाले, "फ्लॅश मारा." अण्णांनी आठ दिवस सूर्यावर फ्लॅश मारला. धूळ नको म्हणून ते उसाचे ट्रॅक्टरही हात करून थांबवत. मागं रांग लागे. एक ड्रायव्हर म्हणालाच, "अण्णा, काटा सुटला तरी तुमची रांग काय सुटंना."

शेवटी वैतागून मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. अण्णा नेम धरत होते उसाच्या काळ्या फडावर. फड उजळायच्या नादात कॅमेरा सूर्य धुऊन टाकत होता. त्यात रंग ऑटोवर. तांबडं दिसलं की कॅमेरा स्वतःच्या अकलेनं ते फिकं करी. मी नेम आभाळावर धरायला लावला, उजेड दोन घरं खाली आणला आणि रंगासाठी ढगाचं चित्र निवडलं, म्हणजे तांबडं फिकं होत नाही.

"आभाळात ढग न्हाय अन् तू ढग लावतूस व्हय?"

"दाबा तर खरं."

फोटोत सूर्य उतरला. चांगला तांबडालाल.

शाबासकी घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. खुब्याचं हाड मोडल्यानं अण्णांची बायको, आमच्या काकू, सहा महिने खाटेवर आहेत आणि त्यांची खिडकी उगवतीकडं; मावळता सूर्य त्यांना दिसतो तो फोटोतच. अण्णांनी कॅमेरा पुढं धरला. काकूंनी चष्मा लावून बघितलं.

"व्हय. ह्योच," म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले ते उतरलेल्या तोंडानं.

"संजू, पहिल्यावाणी करून दे."

"अहो, आता कुठं बरोबर आलाय."

"त्येच तर. रोज तासभर भांडती माझ्याशी. ह्यो पांढरा, ह्यो पिवळा, मळ्यातनं येताना असा दिसत न्हवता. मग सगळं जुनं निघतंय. काल 'ह्योच' म्हणली अन् गप झाली. घर पार रिकाम्या गाडीवाणी झालं बघ."

मी सगळं पुन्हा ऑटोवर टाकलं. गिऱ्हाइकाचा कॅमेरा मी आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम बिघडवून दिला.

संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना काकूंचा आवाज आला, "पुन्हा अंडंच आणलं व्हय? तुमी कारखान्यातनं सायकलीवर यायचा, तवा तुमच्या पाठीमागं कसा लाल असायचा."

"कसा असायचा? नीट सांग," अण्णा म्हणाले. "उद्या तसा आणतो."