नानांच्या आड आलेली खाडी

दर रविवारी सकाळी आमचे शेजारी नाना चिंदरकर आणि त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, दोघं बरोबर घराबाहेर पडायचे. दोघांना जायचं असायचं एकाच घरी, एकाच मुलीकडे. सात बंगल्याच्या नाक्यापर्यंत गप्पा मारत यायचे. तिथे काकू डावीकडे वळून वर्सोव्याच्या धक्क्याकडे निघायच्या आणि नाना उजवीकडे बसस्टॉपवर. काकू होडीत बसून खाडी ओलांडायच्या, मढला उतरायच्या, लेकीशी पोटभर बोलायच्या, जेवायच्या आणि वर एक डुलकीही काढायच्या. तेवढ्यात नाना बस बदलत, मालाड आणि मार्वे असा वळसा घालून, धुळीने माखलेल्या अवस्थेत दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "जेवण झाला काय रे सगळ्यांचा?"

नाना होडीत बसत नसत. हा माणूस भित्रा असता तर प्रश्न नव्हता. पण आमच्या चाळीत साप निघाला की बोलावणं नानांना. शाखेची पोरं वर्गणीसाठी दादागिरी करायला लागली तर पुढे नाना. मला पालीची भीती वाटते. वाटते म्हणजे काय, स्वयंपाकघरात पाल दिसली की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. तेव्हाही हातात केरसुणी घेऊन नानाच यायचे आणि पाल हाकलून झाल्यावर माझ्या बायकोसमोर मला विचारायचे, "शशी, गेली रे ती. येतंस आत?"

ते मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. बोलण्यात मालवणीची फोडणी कायम. होडीचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं असे: "मी भियत नाय रे. मी सांभाळून रवतंय." आणि त्यावर एक बिनतोड मुद्दा: "बस बंद पडली तर उतरान चलाक येता. होडी बंद पडली तर खंय उतरतलंस?"  

गंमत अशी की त्यांची एकुलती एक मुलगी सुलू कोळ्याच्या घरात पडली. ऑफिसातच जमलं दोघांचं. मुलगा मढचा, घरी वडिलोपार्जित मासेमारी. आमच्या चाळीत कुजबुज झाली, जातीबितीवरून आता नाना काय करतात बघू. नानांनी मुलगा पाहिला, पसंत केला, दोनदा पाठ थोपटली. मुलगा कोळ्याचा आहे याला त्यांची काडीची हरकत नव्हती. त्यांची हरकत होती ती मधल्या खाडीला. लग्नात सगळं वऱ्हाड होडीने गेलं. वधूपिता बसने आला आणि मुहूर्ताला जेमतेम पोचला.

पुढची दोन वर्षं तसं बरं चाललं होतं. मग सुलूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच. नाव वर्सोव्याच्या दवाखान्यात घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की त्या खड्ड्यांच्या रस्त्याने बसचे धक्के खात अजिबात यायचं नाही, होडीने या, तेही वेळेवर या. आणि मढला रात्रीबेरात्री काही झालं तर जवळ काही सोय नाही. एवढं ऐकून काकूंनी पिशवी भरायला घेतली. पण सुलू नानांचीच मुलगी. तिने निरोप पाठवला की मला न्यायला बाबांनी यायचं, होडीने यायचं आणि होडीनेच घेऊन जायचं. नाहीतर मी इथेच बाळंत होते.

 मी नानांना म्हटलं की पोरगी गंमत करतेय. काकू म्हणाल्या, "ती गंमत नाही करत. लग्नात बाप होडीत नव्हता हे तिच्या मनातून अजून गेलेलं नाही." नाना तिथेच बसले होते. ते नखं बघत राहिले.

यातून वाट काढली त्यांच्या विहीणबाईंनी. हिराबाई बाजारात मासे विकायच्या आणि त्यांचा आवाज असा, की त्यांनी भाव सांगितला की शेजारच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही कळावा. पुढच्या रविवारी नाना नेहमीसारखे धूळ खात पोचले, तर या बाईंनी त्यांना घरात घेतलंच नाही. त्यांना सरळ किनाऱ्यावर नेलं. तिथे त्यांची एक होडी दुरुस्तीसाठी वाळूत वर ओढून ठेवली होती. "याही, तुमी पाण्याला भिता ना?" त्या व्याह्यांना म्हणाल्या. "मग जिथं पाणी नाय तिथं बसा."

नाना कोरड्या होडीत चढले. चढले आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसले. खाली वाळू, बाजूला वाळू, कोंबड्या फिरतायत, आणि हा साप धरणारा माणूस घामाने निथळतोय. त्या दिवशी थोडा वेळ बसले. पुढच्या रविवारी डबा आणि पेपर घेऊन गेले.

आता मढच्या गावाला हे कुठे माहीत? गावाने पाहिलं ते एवढंच, की सुनेचा बाप येतो, घराची पायरी चढत नाही, बाहेर वाळूतल्या होडीत एकटा बसतो आणि तोंड वाकडं करून बघत राहतो. गावाने काढायचा तोच अर्थ काढला: व्याही रुसलाय. लग्नात मानपानात काहीतरी राहिलं असणार. एका रविवारी गावातली चार जाणती माणसं टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन होडीपाशी हजर झाली. त्यांनी हात जोडले, झालं गेलं विसरा म्हणाली. खरं सांगायची नानांना लाज वाटली. त्यांनी एक हात काठावरून न सोडता दुसऱ्या हाताने नारळ घेतला आणि मोठ्या मनाने गावाला माफ केलं. ती टोपी ते आजही घालतात.

घरी येऊन हा किस्सा त्यांनीच मला सांगितला आणि आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

दुरुस्ती आटोपल्यावर हिराबाईंनी पोरांकडून होडी खाली सरकवून घेतली, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे. पाणी आलं, होडी जराशी हलली, आणि नाना उडी मारून बाहेर. गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर आले आणि भिजल्या पँटने दोन बस बदलत घरी पोचले. काकूंनी पँट धुऊन वाळत घातली. मला वाटलं, आटपलं सगळं. पण पुढच्या रविवारी ते परत गेले. या वेळी दुसऱ्या टोकाला हिराबाई सुपात जवळा निवडत बसल्या होत्या. होडी हलली तसे नाना उठायला लागले. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बसा. छातीत धडधडतंय ना? धडधडू द्या. भरती चढते तशी उतरते पण. उतरंपर्यंत उठायचं नाय, एवढंच."

नाना बसून राहिले. आता जीव जातो असं वाटलं. जीव काही गेला नाही. हिराबाईंचा जवळा निवडून होईपर्यंत धडधड खरंच उतरली होती. "शशी, ती उतरता रे," नाना मला अगदी नवल वाटल्यासारखं सांगत होते. "इतकी वर्सा माका वाटत होता, ती नुसती चढतच जातली. मी कधी थांबान बघूकच नाय." त्या आठवड्यात स्वयंपाकघरात पाल निघाली तेव्हा मी गॅलरीत गेलो नाही. दारापर्यंतच गेलो. त्याहून जास्त प्रगती माझ्याच्याने झालेली नाही, पण तेही थोडं नाही.

सुलूला आणायचा दिवस ठरला. नाना सकाळीच नवी टोपी घालून माझ्या दारात. धक्क्यापर्यंत चल म्हणाले. मला वाटलं, होडीत सोबत हवी असेल. धक्क्यावर होडी लागलेली, कोळणी पाट्या घेऊन चढत होत्या, कुणीतरी सायकल आत घेत होतं. मी पाय उचलला तर नानांनी दंड धरला.

"तू चढा नको. हय उभो रव," ते म्हणाले. "होडी सुटली की माका हाक मार."

मी म्हटलं, नाना, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणतात. तुम्हीच मला कितीदा ओरडलायत.

 मग हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तसं, त्यांनी सांगितलं. अर्ध्या चड्डीत होते तेव्हाची गोष्ट. आईने मामाबरोबर मुंबईला शिकायला धाडलं होतं. आगबोट लांब समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून तिथवर माणसं पडावाने, म्हणजे लहान होडीने, न्यायची. पडाव सुटला. "माजी आवस किनाऱ्यार उभी होती. मी वाट बघीत होतंय, आता हाक मारतली, मगे हाक मारतली. तिना मारूक नाय. पाठसून हाक मारू नये ना, म्हणान. ह्या माका आता कळता. तेव्हा कोण सांगतलो? माका वाटला, तिका मी नको आसय. मगे गावाक गेलंय, तेव्हा ती नव्हती."

एवढं बोलून ते होडीत चढले. काठ धरला.  इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना पाण्यावरून चिडवत होतो आणि पाण्याचा त्यात फारसा संबंधच नव्हता.

इंजिन सुरू झालं. होडी धक्क्यापासून सुटली. नानांची पाठ माझ्याकडे होती, टोपी तेवढी दिसत होती. मी छाती भरून ओरडलो, "ओ नाना!" शेजारच्या म्हाताऱ्याने मला झापलं, निघालेल्या माणसाला हाक मारतोस, अक्कल आहे का? मी आणखी जोरात ओरडलो, "नाना! लवकर या!" तेव्हा काठावरचा एक हात सुटला आणि वर गेला. पलीकडे पोचेपर्यंत तो खाली आला नाही.

मी धक्क्यावरच थांबलो. घरी जाववेना. तासाभराने पलीकडच्या किनाऱ्यावर गडबड दिसली. सुलूला सावकाश होडीत चढवलं, शेजारी नवी टोपी बसली. होडी सुटली. आणि त्याच क्षणी खाडीच्या अलीकडे मला, धक्क्यावरच्या कोळणींना आणि बहुधा अर्ध्या वर्सोव्याला स्पष्ट ऐकू आली बाजारात कमावलेल्या आवाजातली हाक, "ओ याही! सुलूऽऽ!"

म्हणजे नानांनी हिराबाईंनाही सांगून ठेवलं होतं.

होडी अर्ध्यावर आली तरी हिराबाईंच्या हाका चालू होत्या. नानांनी एका हाताने लेकीचा हात धरला होता आणि ते मान वळवून मागे, लांब जाणाऱ्या त्या किनाऱ्याकडे बघत बसले होते.