दामूकाकांचा डावा गुडघा

आमच्या शेजारचे दामूकाका आपल्या डाव्या गुडघ्याला 'साहेब' म्हणत. "आज साहेब नाराज हायत, जिना नको म्हणतात," असं सांगून खालच्या पायरीवरच चहा मागवत.

गृहस्थ मूळचे दिघाशीचे, भिवंडीत गोदामावर सुपरवायझर, राहायला एकटे. गेल्या गणपतीत सोसायटीच्या पोरांना कबड्डीची चढाई दाखवायला गेले. पाय रोवून गर्रकन वळले आणि गुडघ्यात कट्‌कन वाजलं. मग सूज. तेल चोळून झालं, रुईच्या पानांनी शेकून झालं. पण मधेच गुडघा असा अडकायचा की पाय सरळच होईना. एकदा गोदामाच्या फाटकातच अडकला. मागून ट्रकवाला ओरडला, "चाचा, हटो!" काका म्हणाले, "साहब से पूछो, मैं तो कब से तैयार हूँ."

शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय दुमडून जरा फिरवला. काका किंचाळले.

"गादी फाटलीय," डॉक्टर म्हणाले.

"पण मी चटईवर झोपतो, डॉक्टर."

"सांध्यातली गादी, काका!"

एमआरआयमध्येही तेच दिसलं. बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत फाटका तुकडा काढायचं ठरलं. भूल कमरेखालीच, काका टक्क जागे. पडद्यावर आपलाच गुडघा आतून बघत त्यांनी चक्क समालोचन केलं म्हणे. "त्ये पांढरं लोंबतंय, त्ये धरा! सोडू नका!" डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही गप्प राहिलात तर लवकर सुटू."

नंतरचा व्यायाम मात्र एक दिवस चुकवला नाही. मला वाटलं, पुन्हा कबड्डीचा बेत असणार.

डॉक्टरांनी मांडी घालायची परवानगी दिली, त्याच रविवारी मला दिघाशीला घेऊन गेले. तिथे त्यांची थोरली बहीण, आक्का. आईमागे तिनंच काकांना वाढवलेलं. अंगावरून वारं गेल्यापासून तिला खाटेवरून पडायची भीती, म्हणून अंथरूण जमिनीवर. इतके महिने काका येत, ते पाहुण्यासारखे खुर्चीत बसून लांबूनच बोलून परतत.

आज भिंत धरत ते सावकाश खाली बसले. मांडी घातली आणि भात कालवून तिला भरवू लागले.

"आता पाव्हना न्हाय ना रं?" आक्कानं विचारलं.

"न्हाय गं."

जेवल्यावर तिनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं काकांच्या कपाळावर घाम दिसला. मी उशी पुढे केली.

"ऱ्हाऊ दे," ते कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."