ऐकणाऱ्यांची शिरगणती

कोणत्याही शहराची प्रगती त्याच्या रस्त्यांच्या रुंदीवरून मोजू नये. त्या रस्त्यांवर काय काय करता येत नाही, याच्या यादीच्या लांबीवरून मोजावी. या कसोटीवर आमचं शहर बरंच पुढारलेलं आहे. आमच्या यादीत दोनशे चौदा कलमं आहेत. (दोनशे पंधरावं कलम ही यादी मोठ्याने वाचण्यास मनाई करणारं आहे, ते सध्या विचाराधीन आहे.)

त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं कलम सभेसंबंधी आहे. सहा किंवा अधिक माणसं एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन फुटपाथवर तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, तर ती सभा होते आणि सभेला परवाना लागतो. पाच माणसं असतील तर त्या गप्पा. बसची रांग या कलमातून वगळली आहे, कारण रांगेतल्या माणसांचं कशाकडेच लक्ष नसतं असं नगरपालिकेच्या पाहणीत आढळून आलं होतं.

टेलरमास्तरांना हे कलम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, मशीन विकलं आणि कापडाचे तागे ज्या लाकडी पेटीतून यायचे ती पेटी तेवढी ठेवून घेतली. गेली सात वर्षं ते रोज संध्याकाळी पाच वाजता बसथांब्याच्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानाशेजारी, ती पेटी उपडी घालून तिच्यावर उभे राहत आणि सात वाजेपर्यंत सुवार्ता सांगत. हातात बायबल असे, पण ते उघडत नसत; सगळं पाठ होतं. आवाज खणखणीत होता. चार मशीनांच्या खडखडाटात गिऱ्हाइकाशी तीस वर्षं बोललेला माणूस. त्याला लाऊडस्पीकरची गरज नव्हती.

श्रोत्यांबद्दल मास्तर समाधानी होते. त्यांना लांबचं नीट दिसत नसे आणि चष्मा लावायला ते तयार नसत. पेटीवरून त्यांना समोर तीन माणसं रोज, न चुकता, अगदी स्तब्ध उभी दिसत. एक जरा ठेंगणा आणि लाल कपड्यांतला होता. मास्तर घरी येऊन सांगत, "तो लाल शर्टवाला आजही आला होता. हलत नाही जागचा. असा भाविक माणूस मी पाहिला नाही."

(ती पोस्टाची पेटी होती. उरलेले दोघे म्हणजे बसथांब्याचा खांब आणि कचऱ्याचा डबा. हे त्यांना सांगावं असं सात वर्षांत कोणालाही वाटलं नाही, यावरून आमच्या शहराचं सौजन्य दिसून येतं.)

मास्तरीणबाईंना ही व्यवस्था पूर्णपणे मान्य होती. त्याही श्रद्धाळू, दर रविवारी पहिल्या बाकावर असत. पण पाच ते सात घरात जी शांतता असे, तिचं मोल त्यांना ठाऊक होतं. "लग्नाला एकतीस वर्षं झाली," त्या म्हणत. "मी सगळं ऐकलंय. आता गावालाही थोडं पुण्य मिळू दे. देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली. मला रोजचे दोन तास पुरतात."

अशा सुरळीत चाललेल्या गोष्टीत तक्रार यायचीच. ती चष्मेवाल्याने केली. त्याचं म्हणणं, मास्तरांच्या बोलण्यामुळे दुकानासमोर गर्दी होते आणि गिऱ्हाइकाला आत येता येत नाही. नगरपालिकेने तक्रारीची तत्काळ दखल घेतली. (अर्जानंतर चौदा महिने. हा विभागाचा उच्चांक आहे.)

गर्दी सिद्ध करायची तर ती मोजायला हवी. म्हणून अतिक्रमण निरीक्षक स्वतः आले. त्यांच्याबरोबर टेप धरणारा एक, टेपचं दुसरं टोक धरणारा एक, आवाज मोजण्याच्या यंत्राचा माणूस, फोटोग्राफर आणि दोन पंच होते. ही सात माणसं मास्तरांसमोर सव्वातीन मिनिटं उभी राहिली आणि निरीक्षकांनी प्रामाणिकपणे पंचनाम्यात लिहिलं: हजर श्रोते सात. सबब सभा.

पण एवढ्यावर भागलं नाही. सात सरकारी माणसं टेप घेऊन उभी आहेत म्हटल्यावर कुठलाही स्वाभिमानी नागरिक पुढे जाऊ शकत नाही. पाच मिनिटांत तिथे त्रेचाळीस माणसं जमली. एक म्हणाला, फुटपाथ तोडणार. दुसरा म्हणाला, फुकट डोळे तपासताहेत. एक आजी काही न विचारता रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. रांग नव्हती, त्या उभ्या राहिल्यावर झाली. मास्तरांना समोर कधी नव्हे ते धूसर रंगांचं एक मोठं शेत दिसू लागलं आणि त्यांचा आवाज असा चढला की यंत्रवाल्याने काटा बोटाने धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. विनापरवाना सभा, हजर श्रोते अखेरीस त्रेचाळीस; यापुढे सदर इसमाने सदर जागी बोलू नये; पेटी जप्त. मास्तरांनी नोटीस बायकोकडून वाचून घेतली आणि अभिमानाने म्हणाले, "बघ. त्रेचाळीस!"

मास्तरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नवरा घरात होता. साडेपाचपर्यंत त्यांनी धीर धरला. पावणेसहाला मास्तर जेवणाच्या टेबलाजवळच्या स्टुलावर चढले, तेव्हा बाईंनी आपल्या बहिणीच्या मुलीला फोन लावला. ती नुकतीच वकील झाली होती.

"मावशी, जरा मोठ्याने बोल ना, मागे कोण ओरडतंय?"

"त्याच्यासाठीच फोन केलाय."

भाची आली, कागद वाचले, कलम वाचलं आणि दोन कप चहा संपवला. मग म्हणाली, "काका, केस जिंकता येईल. पण एक अडचण आहे."

"बोल."

"कलम बोलणाऱ्याला लागू होत नाही. ऐकणारे सहा झाले तरच लागू होतं. म्हणजे आपल्याला कोर्टात सिद्ध करावं लागेल की तुमचं कोणीही ऐकत नाही."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. (मास्तरीणबाईंच्या मते एकतीस वर्षांतला हा सर्वांत मोठा काळ होता.)

"आणि हरलो तर?"

"तर तुमचं खूप लोक ऐकतात असं सिद्ध होईल, आणि तुम्हाला बोलता येणार नाही."

"मला हरायला आवडेल," मास्तर म्हणाले.

"मला नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि वकीलपत्रावर त्यांची सही घेतली.

सुनावणी पाहण्यासारखी झाली. नगरपालिकेच्या वकिलांनी मास्तरांची जी स्तुती केली, ती त्यांच्या चर्चच्या पाळकांनीही कधी केली नव्हती. या माणसाच्या वाणीत लोहचुंबक आहे, ते म्हणाले. कामावरून घरी निघालेला थकलाभागला माणूस त्याचे शब्द कानी पडताच जागच्या जागी खिळतो. माता मुलांना विसरतात. बस निघून जातात. मास्तर आरोपीच्या जागी बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. एकदा तर न राहवून म्हणाले, "आमेन." न्यायाधीशांनी ते नोंदीतून काढायला लावलं.

मग भाची उभी राहिली. "साहेब, माझ्या अशिलांचं बोलणं कोणी ऐकत नाही. पूर्वीही ऐकत नव्हतं. घरी ऐकत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक बाही लांब म्हणायचं, हे दुसरंच काही सांगायचे, गिऱ्हाईक बाहीबद्दलच बोलत राहायचं. सात वर्षांचा हिशेब मी आणला आहे. रोजची सरासरी शून्य पूर्णांक चार श्रोते. त्यातही एक कुत्रं घेऊन येणारे गृहस्थ आहेत, आणि थांबतं ते कुत्रं."

"आणि तो लाल शर्टवाला?" मास्तर उठून म्हणाले. "त्याला बोलवा की साक्षीला!"

भाचीने वळून मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे पाहिलं. शेवटी शिरस्तेदारानेच घसा साफ करून सांगितलं, "मास्तर, ती टपालपेटी आहे."

मास्तर खाली बसले. केस त्या क्षणी भाचीच्या बाजूने झुकली होती आणि त्याबद्दल तिला कोणी धन्यवाद देईल असं दिसत नव्हतं.

न्यायाधीशांपुढे पेच पडला. त्रेचाळीस माणसं उभी होती, हे फोटोत दिसत होतं. पण उभं राहणं म्हणजे ऐकणं नव्हे. तसं असतं तर शाळेत शिक्षा म्हणून उभी केलेली मुलं पहिली आली असती. तेव्हा कोर्टाने हुकूम केला की त्रेचाळीस जणांची आणि तक्रारदाराची रीतसर लेखी परीक्षा घ्यावी. पस्तीस गुण मिळवील तो श्रोता. सहा श्रोते निघाले तर मनाई कायम.

प्रश्नपत्रिका काढण्यात एक तांत्रिक अडचण होती. मास्तर काय बोलतात हे ठाऊक असलेला माणूस श्रोता ठरला असता, म्हणून ते ठाऊक नसलेल्या कारकुनाकडून ती काढून घेण्यात आली. तिच्यात एकच प्रश्न होता: "वक्त्याने जे सांगितले ते लिहा. गुण १००." उत्तरं कोणती बरोबर हे एकाच माणसाला माहीत असल्यामुळे परीक्षक म्हणून खुद्द मास्तरांची नेमणूक झाली. त्याला नगरपालिकेने हरकत घेतली नाही. आपल्या श्रोत्यांना नापास करील असा वक्ता जगात नाही, अशी त्यांच्या वकिलांची खात्री होती.

मात्र नगरपालिकेच्या आस्थापना विभागाने, दुसऱ्या विभागाशी बोलण्याची पद्धत नसल्यामुळे, त्याच दिवशी एक परिपत्रक काढलं: जो कर्मचारी या परीक्षेत उत्तीर्ण होईल, तो कामाच्या वेळेत धार्मिक कार्यक्रमाला हजर होता असं समजून त्याची वेतनवाढ रोखण्यात येईल. तेव्हा सातही जणांनी नापास होण्यासाठी जिवाचं रान केलं. टेपवाल्याने फुटपाथची मापं लिहिली. एका पंचाने सातचा पाढा लिहिला आणि धोका नको म्हणून तोही चुकवला. निरीक्षकांनी कोरा कागद दिला, पण समास मात्र सवयीने सुबक आखला होता. बाकीच्या छत्तीस जणांना काही टाळण्याची गरज पडली नाही. "आवाज चांगला होता." "काहीतरी पापाचं." "मी फक्त काय चाललंय ते बघत होतो." आजींनी लिहिलं की नंबर कधी लागणार ते कळवावं.

पेपर तपासायला मास्तरांना चष्मा लागला. तो चष्मेवाल्यानेच, कोर्टाच्या हुकमावरून, घालून दिला. मास्तरांनी एकेक कागद वाचला आणि खाली ठेवला. खोटा गुण एकालाही दिला नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने लबाडी कशी करावी? भाचीने पाहिलं, त्यांचा हात प्रत्येक शून्यावर थोडा जास्त वेळ थांबत होता.

शेवटचा गठ्ठा तक्रारदाराचा होता. अकरा पानं, मागून घेतलेल्या पुरवण्यांसह. चष्मेवाल्याने सगळं लिहिलं होतं. कुठलं वचन कुठे येतं, कुठे आवाज खाली जातो, पावसाळ्यात कोणता दाखला वगळतात, मनाईच्या आदल्या आठवड्यात बुधवारी कुठे चुकले आणि शुक्रवारी ते कसं दुरुस्त केलं. मास्तरांनी ती पानं दोनदा वाचली. मग चष्मा पुसला. मग सत्त्याऐंशी गुण दिले. (तेरा गुण अक्षराचे कापले.)

"अहो, तुम्ही तर म्हणायचात, गर्दीचा त्रास होतो," त्यांनी विचारलं.

चष्मेवाला म्हणाला, "गर्दी कसली, मास्तर? दुकानात येतंय कोण? दुकान माझं नाही, मी नोकर. गर्दी होते असं अर्जात लिहून त्याची प्रत मालकाला पाठवली, म्हणजे त्याला वाटावं की कोपरा चालतो आणि त्याने दुकान बंद करू नये. पाच ते सात तुमचाच काय तो आवाज."

निकाल लागला. सिद्ध श्रोते: एक. सबब सभा नाही. मनाई रद्द, पेटी परत. मात्र पुढे कधी श्रोत्यांची संख्या सहावर जाऊ नये म्हणून नगरपालिकेने रोज देखरेख ठेवावी, असा आदेश झाला. त्यासाठी आता एक स्वतंत्र कक्ष असून त्यात पाच कर्मचारी आहेत. सहावं पद मंजूर आहे, पण कायदेशीर कारणामुळे भरता येत नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी पाच वाजता मास्तर पेटीवर चढले. चष्म्यातून त्यांना टपालपेटी दिसली, खांब दिसला, डबा दिसला. आणि दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेला चष्मेवाला दिसला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढचं आठवेना. समोर खरोखरचा माणूस असण्याची सवय नव्हती. चष्मेवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि बसल्या जागेवरून हळूच पहिलं वाक्य सांगितलं. त्यानंतर गाडी जी सुटली ती सव्वासातपर्यंत. त्या वेळी मास्तरीणबाई घरी गाढ झोपल्या होत्या.

प्रकरणाची फाइल आता बंद झाली आहे. तीनशे सहा पानं भरली. त्यात पेटीची लांबी, रुंदी, उंची आहे, आवाजाचे आकडे आहेत, सातचा चुकलेला पाढाही आहे. मास्तर त्या पेटीवर उभे राहून नेमकं काय सांगत होते, ते मात्र एकाही पानावर नाही. चष्मेवाल्याची अकरा पानं 'विषयाशी संबंध नाही' असा शेरा मारून परत करण्यात आली. मास्तर काय सांगत, ते या हकिगतीतही आलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगावं, म्हणून मागे ठेवलं होतं. आपण इथवर आलात, मध्ये दोन-चारदा हसलातही असाल, आणि एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा निश्चिंत असा. आपल्यामुळे कुठलीही सभा भरण्याचा धोका नाही. आता पुढे चला, मागच्यांना वाट द्या.