दयानंद अजून ठरवायलाय

दयानंद बिरादार आमच्या शेजारी राहायला आला त्या दिवशी त्याने आमच्या दाराची घंटी सहा वेळा दाबली. एकदा हळूच, एकदा जोरात, एकदा दाबून धरून, मग दोनदा पटापट, मग डाव्या हाताने. मी जेवणावरून उठून खरकट्या हाताने दार उघडलं, तर हा शांतपणे उभा.

"नमस्कार, वकीलसाब. तुमची घंटी दोनदा पटापट दाबली तर एकदाच वाजायलीय. म्हाईत असावं म्हनून सांगितलं."

एवढं बोलून तो निघून गेला. आला कशासाठी होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे समजलं की तो बंगळूरच्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका काढायच्या, याचा त्याला पगार मिळतो. काम घरी बसूनच. वय चौतीस, लग्न व्हायचं आहे, घरी तो आणि त्याची आई. कंपनीचं काम दुपारनंतर सुरू होतं, त्यामुळे सकाळ मोकळी. ती मोकळी सकाळ तो माझ्या डोक्यावर घालवतो. मी बीदरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि तिथल्याच मैलूर भागात त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, एवढाच माझा गुन्हा.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्याने माझा चहा थांबवून विचारलं, "वकीलसाब, नोकरी सोडून म्या वकिली करू का?"

"नको," मी म्हणालो.

शहाण्या माणसाचा विषय इथे संपला असता. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. "किरकोळ शंका हाय. कालचं 'नको' अजून तसंच हाय का?"

'किरकोळ शंका' हे त्याचं पालुपद. ती कधीच किरकोळ नसते. तीन वर्षं कॉलेजात पूर्णवेळ बसावं लागतं, म्हणजे नोकरी जाणारच. मग हाताशी काय ठेवायचं? सनद मिळाल्यावर पहिला पक्षकार कुठून येतो? तो येईपर्यंत वकील दिवसभर काय करतो? वकिलाला स्वतःलाच वाटलं की आपला पक्षकार खोटं बोलतोय, तर तो कुठे बघतो? या शेवटच्या शंकेला मी दाढी करत होतो आणि हनुवटी कापून घेतली.

मी त्याला घाबरवायचे सगळे उपाय करून पाहिले. भर एप्रिल महिन्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या कामासाठी कलबुर्गीला जायचं होतं, तेव्हा मुद्दाम त्याला बरोबर नेलं. म्हटलं, त्या उन्हात काळा कोट बघितला की याची हौस फिटेल. तर त्याने माझा जादा कोट मागून घेतला, बसस्टँडपासून कोर्टापर्यंत भर दुपारी तो अंगात घालून चालत आला, आणि घामाने निथळत मला म्हणाला, "चालतंय. सहन व्हतंय." येताना बसमध्ये मीच उलट्या केल्या.

मग तो रोज सकाळी आमच्या कोर्टात येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागला. एकदा दिवाणी कोर्टात माझ्या एका अर्जाची सुनावणी चालली होती. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये विचारलं की आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. हा प्रश्न ते रोज भिंतीकडे बघून विचारतात आणि भिंत काही बोलत नाही. त्या दिवशी मागून आवाज आला, "एक किरकोळ शंका आहे." अस्सल कन्नडमध्ये.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "आपण कुणाच्या बाजूने?"

"सध्या कुणाच्याच न्हाई, साहेब. अजून ठरवायलो."

मी फाईलमध्ये तोंड खुपसलं. बाररूममध्ये महिनाभर मला लोक विचारत होते, "काय वकीलसाब, तुमच्या शेजाऱ्याचं ठरलं का?"

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ओसरीवर बसून त्याने माझा एक दावा वाचून काढला. मी दिला नव्हता, टेबलावर होता. "वकीलसाब, ह्या शेताच्या पूर्वेला शंकरप्पा हाय आन् पश्चिमेलाबी शंकरप्पाच."

"असेल. दोन्हीकडे जमीन असू शकते माणसाची."

"व्हय. पर उत्तरेला शंकरप्पाचं घर हाय म्हनून लिवलाव, आन् दक्षिणेला शंकरप्पाची विहीर. मग हे शेत शंकरप्पाच्या पोटातच हाय की."

माझ्या कारकुनाने जुन्या दाव्यावरून चतुःसीमा उतरवताना गोंधळ घातला होता. हे विरुद्ध बाजूच्या वकिलाने आधी पाहिलं असतं तर माझी शोभा झाली असती. मी आभार मानायला हवे होते. मी बायकोला सांगितलं, आज याला चहा देऊ नकोस. तिने दिला, वर लाडू दिला. तिला तो आवडतो. त्याने आमचा मिक्सर दुरुस्त केलाय.

अशी दीड वर्षं गेली. यंदा लॉ कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते, आणि याचं ठरलेलं नव्हतंच.

त्या सकाळी औरादच्या शेवंताबाई म्हणून माझ्या एक पक्षकार आहेत, त्यांच्या घराच्या वादात मनाई हुकूम कायम झाला. चांगली गोष्ट होती. पण लगेच दुसऱ्या हॉलमध्ये माझा पुकारा झाला. मी पळता पळता त्यांना म्हणालो, "मावशी, पुढच्या तारखेला या," आणि गेलो.

तासाभराने परत आलो, तर व्हरांड्याच्या पायरीवर शेवंताबाई आणि त्यांच्या शेजारी दयानंद. तो सांगत होता, "म्हंजे आता निकाल लागंपतूर तुमाला त्या घरातून कुनी हालवू शकत न्हाई. आता तुमी मला सांगा बघू, काय समजलं?" आणि त्या बोटांवर मोजत सांगत होत्या.

माझं टाळकं फिरलं. एक तर दोन हॉलमध्ये धावून जीव मेटाकुटीला आलेला. मी चार लोकांसमोर ओरडलो, "माझ्या पक्षकाराशी बोलायचा तुला काय अधिकार? तू आहेस कोण? ना वकील, ना कारकून!"

दयानंद उठून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला कसली शंका नव्हती. मग हळू म्हणाला, "खरं हाय. चुकलं माझं. पर आमचे अप्पा बी हितंच बसायचे, वकीलसाब."

तो पायरीकडे बघून बोलत राहिला.

"जनवाड्याला आमचं विहिरीकडचं शेत हाय. त्याचा दावा नऊ साल चालला. किल्ल्याच्या रस्त्यावरले थोरले वकील आमचे. निकालाच्या दिवशी त्यांचा ज्युनियर आतून पळत आला, म्हनला, 'काका, आता घरी जावा, मागून बोलू,' आन् दुसऱ्या हॉलात पळाला. त्याचं तोंड घामाघूम. अप्पांनी तोंड बघितलं आन् समजले, आपन हारलो. इचारायची लाज वाटली. घरी येऊन पडून ऱ्हायले. अकरा दिवस शेताकडं गेले न्हाईत. आई भाकरी घिऊन बसायची, तिच्याशीबी बोलंनात. कन्नड बोलाया येत व्हतं त्यांना, वाचाया न्हाई. म्या सणाला बंगळूरहून आलो, तवा जाऊन नक्कल काढली आन् वाचली. आपन जिंकलो व्हतो. अप्पा पोरासारखे रडले. तीन सालामागं गेले, तवर ते अकरा दिवस काही विसरले न्हाईत."

किल्ल्याच्या रस्त्यावरचे थोरले वकील म्हणजे माझे सीनियर. त्या काळात त्यांच्याकडे एकच ज्युनियर होता.

मी खूप आठवून पाहिलं. मला अप्पा आठवले नाहीत. विहिरीकडचं शेतही आठवलं नाही. नुसतं या व्हरांड्यातून धावणं आठवलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"तो ज्युनियर मी होतो, दयानंद."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "नकलेवर तुमचंबी नाव हाय. मैलूरला घर बघताना बाजूला तुमची पाटी दिसली. म्हनलं, हितंच ऱ्हावं. इचारावं एकदा, सांगायचं कामून ऱ्हायलं तुमचं."

"मग दीड वर्षात विचारलं का नाहीस?"

"इचारायची गरज पडली न्हाई. बघितलं की रोज. तुमी डबा बी उभ्यानंच खाता."

माणूस भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पायरीवर बसलो. पुन्हा कुठल्यातरी हॉलमध्ये कुणाचा तरी पुकारा होत होता.

"फॉर्म भर," मी म्हणालो.

"भरलाय. खिशात हाय."

"मग दे की नेऊन! अडलंय कुठे?"

त्याने कोर्टाच्या फाटकाकडे पाहिलं. सगळ्या जगाला समजावून सांगणारा हा माणूस, त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आईला सांगाया जमंना. ती माझ्यासाठी पोरगी बघायलीय. नोकरी सोडली म्हनलं की तिला वाटंल, सगळं गेलं. दीड साल झालं, रोज सकाळी सांगायचं म्हनून उठतो, आन् तुमच्याकडं येतो."

दीड वर्ष माझा चहा थंड का होत होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्यावर किती चिडलो, किती वेळा दारातूनच कटवला, ते सगळं आठवलं. मी कारकुनाला बोलावलं, दुपारच्या दोन्ही कामांत मुदत मागायला सांगितली, आणि दयानंदला स्कूटरवर मागे बसवलं.

त्याची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला काळ्या कोटात बघून घाबरली. "काय झालं, वकीलसाब? आमचा दया कुटं हाय?"

दया माझ्या पाठीमागे उभा होता.

"काही वाईट झालेलं नाही, अक्का," मी म्हणालो. "दोन गोष्टी सांगायच्यात. एक दयानंदची आहे. पण त्याआधीची माझी आहे, ती फार जुनी आहे."

"बसून सांगा," अक्कांनी सूप बाजूला सारलं आणि चटई पुढे ओढली. "सावकाश सांगा. मला काय घाई न्हाई."

मी कोट काढून बाजूला ठेवला आणि निकालाच्या त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.