गॅस्कन व्याह्याची नम्रता

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या गॅस्कनीत माझ्याइतका नम्र माणूस सापडणार नाही. खुशाल शोधा.

बाकीच्या फ्रान्सला हे पटत नाही, त्याला मी काय करू? त्यांच्या शब्दकोशात आमच्या प्रांताच्या नावाचा अर्थच मुळी बढाई. दिलेला शब्द कुणी पाळला नाही, तर त्याला म्हणायचं 'गॅस्कनचं वचन'. दोन-चार थापाड्यांपायी सगळा मुलूख बदनाम!

त्यात आमच्या लेकीनं, कोलेतनं, लग्न ठरवलं ते नॉर्मंडीच्या ब्लेजशी. नॉर्मन माणसाला विचारा, पाऊस पडतोय का? डोक्यावर छत्री धरून तो म्हणेल, "असेलही, नसेलही." लग्न कुणाकडे, ते ठरवायला व्याही लकोर्दिए मुलाला घेऊन रविवारी जेवायला येणार होते. मी मात्र भर बाजारात आधीच सांगून बसलो होतो, की लग्न माझ्याच अंगणात आणि सगळ्या गावाला जेवण. एकुलती एक लेक हो. तिला आपल्या दारातून निरोप द्यावा, एवढंच मनात होतं.

"बाबा," कोलेत म्हणाली, "त्यांच्यासमोर एक जरी बढाई मारलीत, तरी लग्न तिकडेच होईल बघा."

"मी आणि बढाई? माझ्याइतका कमी बोलणारा माणूस..."

"झालं सुरू," बायको मायते म्हणाली.

मग मात्र मी ठरवलं, आज सगळं कमी करूनच सांगायचं.

व्याही आले. गोल चेहरा, बोलणं मोजूनमापून.

"घर मोठं दिसतंय."

"कसलं मोठं? डोकं टेकण्यापुरतं आहे झालं."

"आणि बदकं किती पाळता?"

"आहेत आपली वीसेक." मागे आठशे बदकं बोंबलत होती, म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली.

आजोबांनी पिंपात भरून ठेवलेली आर्मान्याक मी त्यांच्या पेल्यात ओतली. अशी दारू राजाच्या घशाखाली उतरली नसेल. "साधीच आहे," मी म्हणालो, "गोड मानून घ्या."

मायतेनं टेबलाखालून लाथ मारली. मला वाटलं, शाबासकी. मला चेव चढला. "छप्परही गळतं जरा," मी ठोकून दिलं.

व्याह्यांचा चेहरा पडला. मायते आणखी वाढायला गेली, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "नको वहिनी, उद्या तुम्हालाही लागेल." मग ते उठले, माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "लग्न आमच्याकडे. जेवण, मांडव, तुमचं जाणं-येणं, सगळं माझ्याकडे लागलं. हो. ठरलं."

ब्लेजच्या हातातला काटा खाली पडला. "बाबांच्या तोंडून सरळ 'हो' मी जन्मात पहिल्यांदा ऐकला," तो पुटपुटला.

मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "अरे, पण झालं काय यांना?"

तो ओशाळला. "निघताना मीच सांगितलं होतं, गॅस्कन माणूस जे सांगेल त्याला चारानं भागायचं. त्यांच्या हिशेबानं तुमच्याकडे पाच बदकं होती, आणि त्यातलं एक आपण आत्ताच खाल्लं."

मी धावत व्याह्यांकडे गेलो. "अहो, आठशे बदकं आहेत माझी! द्राक्षांचे दोन मळे आहेत! छप्पर तर गेल्या वर्षीच नवं घातलंय!" आणि खाडकन खिडकी उघडली. अंगणभर बदकंच बदकं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शेजाऱ्यांची का असेनात," ते हळूच म्हणाले, "डोळ्यांना तेवढंच बरं वाटतं."

लग्न नॉर्मंडीत झालं. झकास झालं, खोटं कशाला बोलू? मी मांडवात एका कोपऱ्यात बसून डोळे पुसत होतो, आणि व्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेनं सांगत होते, की यांना पोटभर वाढा.

परत आलो, तर बाजारात नवीनच म्हण रुळलेली. न पाळलेल्या शब्दाला आता आमच्याकडे कुणी 'गॅस्कनचं वचन' म्हणत नाही. 'कास्तेराचं वचन' म्हणतात. कास्तेरा म्हणजे मीच.

म्हणजे बघा, अख्ख्या मुलखाची बदनामी मी एकट्यानं डोक्यावर घेतली. आहे का गॅस्कनीत दुसरा कुणी असा?