फासाला लाल फडकं

भर रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं तर माणसं त्याला हाकलतात, नाहीतर बाजूने निघून जातात. आमचे मुकादम नाना यातलं काहीच करत नसत. ते घरी जाऊन चुन्यात बुडवलेले दगड आणत, कुत्र्याच्या चारी बाजूंनी नीट मांडत, दगडांच्या फटीत लाल फडकं बांधलेली काठी खोचत आणि स्वतः शेजारी उभे राहत. वाहन आलं की हात आडवा. "डायव्हर्शन हाय. साईडनं घ्या."

एकदा साखऱ्याची एसटी आली. ड्रायव्हर नवा होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय काम चालू हाय?"

"आराम चालू हाय," नाना म्हणाले.

ड्रायव्हर खाली उतरला. दगडांच्या आत डोकावला. कुत्र्याने एक डोळा उघडून त्याला पाहिलं आणि पुन्हा मिटला. मग ड्रायव्हर निमूट गाडीत बसला आणि बाभळीच्या फांद्यांचा मार खात बस कडेकडेने गेली. नानांनी त्याला सलाम ठोकला.

नाना रस्त्याच्या गँगवर मुकादम होते. जन्मभर खडी, डांबर आणि ऊन. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, पण रस्ता काही सुटला नाही. जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, डायव्हर्शन. माझी एक सोयरीक मोडली तेव्हा मी फाट्यावरच्या माझ्या गॅरेजात तोंड पाडून बसलो होतो. नाना म्हणाले, "मिस्तरी, रस्ता बंद असंल तं तिथंच उभं राहून हारन काहून वाजवून राहिला? डायव्हर्शन घे." आणि मला दुसऱ्याच दिवशी कळमनुरीला घेऊन गेले. आमची मंडळी त्या डायव्हर्शनवरची. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नानांची बायको, आम्हा सगळ्यांची काकू, वारली होती, मुलगी लग्न होऊन नांदेडकडे गेली होती. घरात ते आणि एक काळं कुत्रं. त्याचं नाव डांबर. "नाना, तुमचं कुत्रं लई गुणाचं हाय," असं कोणी म्हटलं की ते ताडकन म्हणत, "माहं न्हाई. गँगचं हाय." गँग मोडून कैक वर्षं झाली होती. कुत्रं तेवढं ड्युटीवर होतं.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपास आमच्या शिवारात रानडुकरं फार माजली. एका रात्रीत भुईमुगाचा तुकडा असा उकरायची की सकाळी वाटावं, कोणी नांगर धरला होता. माणसं फटाके फोडून, डबे बडवून थकली. मग तारेचे फास आले. मोटारसायकलची जुनी क्लच वायर घ्यायची, तिचा सरकता फास करायचा आणि कुंपणाच्या भोकात लावायचा. त्या दिवसांत माझ्या गॅरेजात जुन्या वायरीला असा भाव आला की विचारू नका. ज्याच्या घरात बैलगाडीशिवाय चाक नाही, तोही येऊन म्हणायचा, "मिस्तरी, गाडीची वायर तुटली."

डुकरं हुशार निघाली. फासात सापडू लागली कुत्री. कुत्रं मालकाच्या मागे रानात जातं, वास आला की कुंपणात घुसतं आणि अडकतं. गावात तीन पायांवर चालणारी कुत्री दिसू लागली. काही तर परत आलीच नाहीत.

नानांनी हा विषय ग्रामसभेत काढला. सरपंचांनी आधी रीतसर विचारलं, "गावात फास कोन कोन लावते? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मंग विषयच मिटला," सरपंच म्हणाले. तेवढ्यात त्यांचंच कुत्रं लंगडत सभेतून गेलं. सगळ्यांनी एकाएकी आभाळाकडे पाहिलं.

नाना उठले. "माहं म्हननं बंद करा असं न्हाई. डुकराची तकलीफ मलाबी दिसते. पन रस्त्यावर खड्डा खंदला तं आपन लाल फडकं लावतो का न्हाई? फासाला बी लावा. अन दिवस उगवला की फास सैल करून ठिवा."

"नाना," महादू म्हणाला, "कुत्र्याला लाल फडकं समजते काय?"

"कुत्र्याला न्हाई समजत. त्याच्या मालकाला समजते. तो हाक मारून मागं बलावंल."

हसू पिकलं. महादू मात्र हसला नाही. त्याचा दोन एकर भुईमूग नाल्याकाठी होता, डुकरांच्या अगदी वाटेवर. घरात राखणीला दुसरं माणूस नाही. तो म्हणाला, "कुत्र्याचा पाय गेला तं साऱ्या गावाला दिसते. माहं सालभराचं पीक एका रातीत जाते, ते कोनाला दिसत न्हाई. सभेत कोनी उठत न्हाई माह्यासाठी." नाना खाली बसले.

शेवटी ग्रामसेवक खाकरले. त्यांचं म्हणणं, फास लावणं हाच मुळात गुन्हा आहे आणि गुन्हा कसा करावा याचे नियम ग्रामपंचायतीला करता येत नाहीत. नाना म्हणाले, "सायेब, दारू पेऊ नका म्हनता. पेलेल्याला सांभाळून जाय बी म्हनताच ना?" ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. मग तोंडीच ठराव झाला: गावात कोणीही फास लावत नाही, आणि जे लावतात त्यांनी लाल फडकं बांधावं व उजाडताच फास सैल करावा. एकमताने मंजूर. टाळ्याही झाल्या.

फडकं अर्थातच कोणी बांधलं नाही. तेव्हा ते काम नानांनी अंगावर घेतलं. रोज उजाडताच नाना आणि डांबर बांधाबांधाने निघत. फास दिसला की शेजारी काठी, काठीला फडकं. इतकं लाल कापड कुठून आणलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "आमच्या मानसाचं लुगडं होतं. पेटीत पडून काय करते?" बायकोच्या लुगड्याचं हे त्यांनी खडीचा हिशेब सांगावा तसं सांगितलं.

चार-सहा दिवसांत शिवार लाल झालं. आता कोणाच्या रानात किती फास, हे एसटीतून जाणाऱ्यालाही दिसू लागलं. सरपंचांच्या रानात तर तीन फडकी. नेमका त्या बाजूने वनखात्याचा गार्ड सायकलवर चालला होता. त्याने थांबून सरपंचांना विचारलं, "गावात काही कार्यक्रम हाय का?"

"व्हय, व्हय. कार्यक्रमच हाय," सरपंच म्हणाले आणि त्याला चहाला घेऊन गेले. त्याच संध्याकाळी त्यांचे फास निघाले. सरपंचांचे निघाले म्हटल्यावर बाकीच्यांचेही निघाले. कायद्याने जे झालं नाही ते लाजेने झालं. मी नानांना म्हणालो, "जिंकलात." ते म्हणाले, "एक राहिला."

तो एक म्हणजे महादू. नाना सकाळी फडकं लावत, महादू दुपारी उपटून टाकी. दोघांचं बोलणं बंद झालं. एकदा दोघं एकाच वेळी माझ्या गॅरेजात आले, तर दोघंही माझ्याशीच बोलत राहिले आणि मी निरोप्यासारखा इकडून तिकडे मान फिरवत बसलो. पुढे महादूने फास जागेवरून काढले आणि नाल्याच्या आत, करवंदीच्या जाळीत लावले. तिथे नानांची नजर पोहोचत नव्हती.

आणि एके दिवशी डांबर घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गॅरेजात आले. धोतराला काटे, आवाज बसलेला. रात्रभर हाका मारून घसा गेला होता. "मिस्तरी, दिसला काय रे?" मी नकारार्थी मान हलवली. नाना तेलकट स्टुलावर बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. जन्मभर डांबराच्या वाफा खाल्लेला हा माणूस असा रडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि काय करावं ते सुचेना म्हणून मी स्वच्छच असलेले पान्हे पुन्हा पुसत बसलो.

तेवढ्यात रस्त्याने महादू आला. खांद्यावर घोंगडी, घोंगडीत डांबर. पुढच्या पायात तार रुतलेली. महादूच्या हातातून रक्त गळत होतं.

"नाना, माहा फास," तो म्हणाला. "नाल्यातला. काय मारायचं ते मारा."

नाना उठले. मला वाटलं, आता पान्हाच उचलतात. पण नानांनी आधी डांबराच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग महादूचं मनगट धरलं. "हे काय? तुला चावला काय?"

"सोडवताना चावला. त्याला काय ठावं, मी सोडवून राहिलो का मारून."

"चाल. सुया घ्याव्या लागतेत."

मी टेम्पो थांबवला. सेनगावला जनावरांच्या दवाखान्यात डांबराला सुया, माणसांच्या दवाखान्यात महादूला सुया. दोन्हीकडे नानाच धरून बसले होते, आणि कुत्र्यापेक्षा महादूच जास्त ओरडला, असं त्यांनी नंतर गावभर सांगितलं. डांबराचा जीव वाचला. पाय गेला.

परत येताना महादू म्हणाला, "आजपासून फास बंद. पन नाना, डुकरं?"

नानांनी डांबराला मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाले, "मी येतो तुह्यासंगं रातच्या जागलीला. मला घरी कोन्तं काम हाय?"

त्या दिवसापासून महादूच्या मचाणावर दोन माणसं आणि खाली तीन पायांचं कुत्रं, अशी जागल सुरू झाली. नानांनी डालड्याचा डबा नेला, शिट्टी नेली. डुकरं डब्याला भ्याली, शिट्टीला भ्याली की नानांच्या बोलण्याला, ते कळायला मार्ग नाही. पण भुईमूग बराचसा वाचला. महादूने शेंगा काढल्या, वाळवल्या, एक पोतं माझ्याकडेही आणून टाकलं.

मी म्हणालो, "चला, सुटले बाबा नाना. आता घरी झोपतील."

"कशाचं घरी? काल बी गेलतो आमी मचानावर."

"अरे, रान मोकळं झालं ना? काय राखता आता?"

महादू पोत्याचं तोंड बांधत राहिला. "नाना म्हनले, भुईमूग काढला हे डुकराला काय ठावं, ते येतीलच. मी बी म्हनलो, व्हय नाना, येतील." मग गाठ मारून म्हणाला, "रातभर बोलतेत. कोन्ता पूल कवा बांधला, कुठं काकू भाकर घेऊन यायच्या. अन मधीच इचारतेत, 'महादू, झोपलास काय रे?'"

"मग?"

"मंग काय. झोपीत असलो तरी 'न्हाई नाना' म्हनतो."